सीताफळाच्या बिया

आश्विन लागला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. ओसरीवर टोपल्या, मधल्या घरात गवतावर पसरलेली फळं, खाटेखाली फळं, धान्याच्या कोठीच्या आडोशालाही फळं. नाना, म्हणजे माझे वडील, गावामागच्या डोंगरावरच्या सीताफळांचा मक्ता दर वर्षी घेत. चांगला माल बैलगाडीनं पारोळ्याच्या बाजारात जाई. फुटलेली, फार पिकलेली, पाखरांनी टोचलेली फळं घरी राहत, आणि ती संपवणं हे आमचं काम असे. सकाळी न्याहारीला सीताफळ, दुपारी कळण्याच्या भाकरीवर ठेचा आणि मागून दुधात कालवलेला गर, संध्याकाळी पुन्हा सीताफळ. हाताला, कपड्यांना, पांघरुणाला तोच गोडसर वास. दिवाळीपर्यंत तो वास इतका अंगात मुरे की शाळेत बाकावरच्या मुली सरकून बसत. घरात सतत एक बारीक आवाज चाले. जास्त पिकलेलं फळ आपोआप देठापासून सुटे आणि गवतावर मऊ आपटे. पाहुण्यांना तो ऐकू येत नसे, आम्हाला येई. माय लगेच हातातलं काम टाकून उठे आणि ते फळ शोधून काढी, नाहीतर मुंग्या लागत.

नानांबरोबर डोंगरावर राखणीला जाणं मला फार आवडे. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या झाल्या, की ते तोडायचं. पण हे जसं नानांना कळे तसंच वानरांनाही कळे. उजाडताच टोळी यायची. मोठा हुप्प्या फळ दोन हातांनी फोडून तोंड आत खुपसायचा, आणि मग काळ्याभोर बिया खडकावर टपटप पडायच्या. काही तो गिळायचा. त्याही दुसऱ्या दिवशी त्याच खडकावर जशाच्या तशा, चकचकीत सापडायच्या. रात्री वटवाघळं येत, पहाटे मुंगूस येई, पोपट तर दिवसभर. सगळे गर खात. बी फोडताना मात्र मी कुणालाच पाहिलं नाही. घरातही तेच. आमच्याकडचे उंदीर शेंगा खात, सरकी खात, साबण खात, एकदा तर त्यांनी नानांच्या वहाणेचा अंगठा खाल्ला होता. पण परसात वाळत घातलेल्या सीताफळाच्या बियांकडे ते फिरकत नसत. मुंग्या वरचा गर चाटूनपुसून नेत आणि बी तिथंच सोडत. नानांना याचं मोठं कौतुक होतं. ते म्हणायचे, "गर तुमना, बी मन्ही, असं म्हनस झाड."

पुढे मी जळगावला शाळेत जीवशास्त्र शिकवलं तेव्हा हाच धडा माझ्या वाट्याला दर वर्षी येई. झाडाला पाय नसतात, म्हणून ते खाणाऱ्यांना गोड गराची लालूच दाखवतं आणि बी दूरवर पोचवून घेतं. पण बीच खाऊन टाकणारे आले तर वंश बुडायचा, म्हणून कुठं ते दगडासारखं कठीण कवच करतं, कुठं कडू, कुठं थेट विषारी. मुली भराभर उतरवून घेत. फळ्याकडे तोंड करून मी सीताफळाचं चित्र काढी आणि ते पूर्ण होईपर्यंत मागे वळत नसे. कुणाला त्याचं कारण कधी कळलं नाही.

घरात आम्ही चौघं. नाना, माय, ताई आणि मी. ताईचं नाव कमल. तिची आई ती अगदी लहान असताना गेली. मग नानांनी माझ्या आईशी लग्न केलं. ताई मायला मावशी म्हणायची. माय तिच्याशी फार जपून वागे. माझ्या पाठीत दिवसातून एकदा तरी धपाटा बसायचा, ताईवर तिनं कधी हात उगारल्याचं मला आठवत नाही. ताटात पहिली भाकरी ताईला, दुधावरची साय ताईला. तिची वेणी घालायची झाली तरी माय आधी विचारी, "कमल, घालू का?" मला लहानपणी याचा राग येई. माय तिला घाबरते असं वाटे. ते खरंही होतं, पण ती ताईला नव्हे, गावाला घाबरत होती. आणि त्याहून जास्त असोद्याच्या मामांना. हे ताईच्या आईचे सख्खे भाऊ. असोद्याला त्यांची केळीची बाग होती. दर दिवाळीला ते येत, ओसरीवर बसत, ताईला जवळ घेऊन तिची मनगटं दोन बोटांत धरून पाहत आणि मायच्या देखत विचारत, "जेवते ना व्यवस्थित?" माय आत चुलीपाशी बसून ते ऐके.

त्या वर्षी ताई सातवी पास झाली होती. गावात पुढची शाळा नव्हती. नानांनी खटपट करून धुळ्याला मुलींच्या छात्रालयात तिची सोय लावली, आणि दिवाळीनंतर तिनं जायचं ठरलं. तिच्यासाठी पत्र्याची ट्रंक आली. मायनं दोन नवीन पोलकी शिवून घेतली. मी ट्रंकेचं झाकण उघडून आत डोकं घालून बसायची, कारण तिला नव्या रंगाचा वास होता. सगळं झालं आणि एके दिवशी आमच्या शेजारच्या रखमाअक्का म्हणाल्या की छात्रालयातल्या बाई पहिल्याच दिवशी मुलींची डोकी तपासतात, उवा निघाल्या तर परत पाठवतात. मायच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आम्हा दोघी बहिणींच्या डोक्यात उवा होत्या. गावात कुणाच्या नव्हत्या? पण ताई परत आली असती तर मामा म्हणाले असते, पोरीचं डोकंसुद्धा हिला नीट बघता येत नाही.

फणीनं उवा निघाल्या, लिखा निघेनात. तेव्हा मायला बियांची आठवण झाली. तिच्या माहेरी सीताफळाचा पाला वाटून डोक्याला लावत. पण पाल्यापेक्षा बी जालीम, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कडधान्याला किडा लागू नये म्हणून बियांची भुकटी आमच्याकडे दर वर्षी वापरली जाई. माय कामाला लागली. तिनं मूठ मूठ बिया खलात घातल्या. ते कठीण कवच फुटताना कडकड आवाज व्हायचा. आतला पांढरा मगज तिनं पाट्यावर अगदी बारीक वाटला, गंधासारखा, आणि तिळाच्या तेलात कालवला. मुलगी धुळ्याला जायची म्हणून तिनं कसलीच कसूर ठेवली नाही.

रविवार होता. नाना पहाटेच डोंगरावर गेले होते. मायनं अंगणात आम्हाला पुढ्यात घेऊन आधी माझ्या आणि मग ताईच्या केसांच्या मुळाशी ते वाटण चोळलं. वर जुन्या लुगड्याची फडकी घट्ट बांधली. आम्ही दोघी तशाच ओसरीवर बसलो, एकमेकींकडे बघून हसत. न्हाणीत पाणी तापलं तेव्हा मायनं आधी मला हाक मारली. माझ्या हातात अर्धं खाल्लेलं सीताफळ होतं. ताई म्हणाली, "तिले खाऊ दे मावशी, मी येस. मन्हे केस वाळाले टाईम लागस." आणि ती उठून आत गेली.

मी बाहेरून तांब्याचे आवाज ऐकत होते. ताई दगडावर ओणवी बसली असणार, लांब केस पुढे घेऊन. एक तांब्या, दुसरा तांब्या. मग ताईचा आवाज आला, अगदी साधा, "मावशी, डोयामा काहीतरी गयं."

"थांब, पानी मारस," माय म्हणाली.

आणि तिनं भराभर पाणी ओतलं, डोक्यावरून, तोंडावरून. केसांत अडकलेलं सगळं त्या पाण्याबरोबर खाली आलं. हे मला आज कळतं. त्या वेळी माय करत होती ते कुणीही केलं असतं. जितकं पाणी पडे तितकी ताई मागे सरके. ती ओरडत नव्हती. तिनं भिंतीला पाठ टेकली, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आणि म्हणाली, "आग व्हस. उघडतच नहीत."

रखमाअक्का धावत आल्या. कुणी गुलाबपाणी आणलं, कुणी तूप घालायला सांगितलं. पलीकडच्या आळीतली बाळंतीण आली आणि तिनं आपल्या दुधाचे थेंब ताईच्या पापण्यांवर टाकले. मायनं ताईच्या पापण्या दोन बोटांनी उघडायचा प्रयत्न केला तेव्हा मी वाकून पाहिलं. आत पांढरं काही नव्हतंच. सगळं लाल, आणि बुबुळावर काचेला वाफ धरावी तसं काहीतरी. ताईला उजेड सोसेना. तिला मधल्या घरात नेऊन दार लावलं. फळांच्या मधोमध, गवतावर, ती गुडघ्यात डोकं घालून बसली. दुपारपर्यंत तिच्या पापण्या इतक्या सुजल्या की चेहरा ओळखू येईना.

नाना डोंगरावरून आले ते निरोप ऐकूनच आले होते. ते दारात उभे राहिले, ताईकडे पाहिलं आणि मायला विचारलं, "काय लायं?" मायनं पाट्याकडे बोट दाखवलं. नाना तिथंच उभे. ते मायला रागावतील असं मला वाटलं, पण ते सरळ बैलांकडे वळले. मग त्यांनी गाडी जुंपली. पारोळ्याहून धुळ्याची एस.टी. मिळाली तर संध्याकाळपर्यंत मोठ्या दवाखान्यात पोचता आलं असतं. गाडीत ताईचं डोकं मायच्या मांडीवर, त्यावर पदर. मला रखमाअक्कांकडे ठेवलं. धूळ बसेपर्यंत मी रस्त्याकडे पाहत राहिले.

मग अक्कांनी मला भाकरी वाढली. मी खाल्ली नाही. त्या दिवसातलं मला पुष्कळ आठवत नाही, पण हे आठवतं की मला रडू येत नव्हतं, आणि आपण रडत कसे नाही याचं मलाच नवल वाटत होतं. डोकं खाजायला लागलं होतं. मी विचारलं, "अक्का, मी कव्हय न्हाऊ?"

अक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्याला सकाळचं फडकं तसंच बांधलेलं होतं. त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. अक्कांच्या हातातलं भांडं खाली आलं.

"तुन्हा डोकामा बी तेच शे?"

मी मान हलवली. त्या एक पाऊल मागे सरल्या. मोठं माणूस आपल्याला भिऊन मागे सरकतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फडकं सोडायला कुणी धजेना, पाणी लावायचं तर नावच नको. शेजारणी जमल्या आणि लांबून बघत उभ्या राहिल्या. शेवटी अक्कांनाच सुचलं. गावाबाहेरच्या पडीक शेतात एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरं बसली होती. त्याला बोलावून आणलं. अक्कांनी माझे डोळे ओल्या फडक्यानं करकचून बांधले, मला खाटेवर उताणं निजवलं, डोकं कडेबाहेर लोंबतं ठेवलं. म्हाताऱ्यानं लोकर कापायची मोठी कातर काढली आणि माझे केस कोरडेच, मुळापासून, पुंजक्या पुंजक्यानं कापले. लोखंडाचा गार स्पर्श कानामागून फिरत होता. कातर करकरत होती. काम झाल्यावर तो म्हणाला, "मेंढी बी इतली गप बसत नही." मग अक्कांनी मला तसंच उताणं ठेवून, मागच्या मागे, माझं डोकं शिकेकाईनं पुन्हा पुन्हा धुतलं. केस खड्डा करून पुरले. हात लावून पाहिलं तर माझं डोकं माझं वाटेना. त्या काळात बाईमाणसाचं डोकं असं का उतरवत ते मला ठाऊक होतं. शेजारणींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला.

काही दिवसांनी नाना मला न्यायला आले. ताई माझं नाव काढत होती. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, त्यावरून हात फिरवला आणि अक्कांकडून सगळं ऐकून घेतलं. धुळ्यापर्यंतच्या एस.टी.त त्यांनी माझा हात सोडला नाही.

दवाखान्याच्या लांबट खोलीत अगदी शेवटच्या खाटेवर ताई होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पायथ्याशी जमिनीवर माय. आणि खाटेजवळ उभे असोद्याचे मामा. निरोप मिळताच ते असोद्याहून आले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते बोलतच होते, आवाज न चढवता, पण आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे ऐकत होते.

"माह्या बहिनीची पोर आंधयी केली. सावत्र ती सावत्रच. उद्या डोये बरे झाले, नही झाले, मी तिले असोद्याले घेऊन जातो. तुमच्या दारात पुन्हा नही."

माय मान खाली घालून फरशीकडे पाहत होती. ताई चाचपडत हात पुढे करत होती, पण मामांना ते दिसलं नाही. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. ते थांबले.

"हिचं डोकं काहून असं?"

नाना म्हणाले, "तेच लायेल व्हतं हिन्हा डोकाले बी. एकच वाटी, दोन्ही पोरीसले."

मामा माझ्याकडे पाहत राहिले. कातरीनं काही ठिकाणी कातडीही गेली होती, तिथं खपल्या धरल्या होत्या. तेव्हा माय पहिल्यांदा बोलली. वर न पाहता म्हणाली, "पयली पाळी हिन्हीच व्हती."

न्हाणीत मायनं आधी मला हाक मारली होती. तोवर ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. मी खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभी राहिले. मामा हळूच शेजारच्या बाकावर बसले. संध्याकाळी गेले तेव्हा एकटेच गेले. माफी मागणारा तो माणूस नव्हता. पण महिन्याभरानं असोद्याहून केळीचा अख्खा घड घेऊन एक गडी आमच्या दारात आला, आणि निरोप होता की दोन्ही पोरींना द्या.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मायला कधी दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "बिया फोडल्यात?" माय हो म्हणाली. "सबंध बी गिळलं असतं तर पोटातून तसंच बाहेर पडलं असतं," ते म्हणाले, "ते फोडलं की आतलं सगळं जहर सुटतं. डोळ्याला तर फारच वाईट. अशा बायका माझ्याकडे आधीही आल्यात." माय ऐकत होती. तिला कळलं असेल की नाही कोण जाणे. पुढे कॉलेजात हे पुस्तकात वाचलं तेव्हा मी पान मिटून खोलीबाहेर जाऊन उभी राहिले होते. ज्या गोष्टीचं नाना कौतुक करायचे, वानरानं आणि उंदरानं न शिकवता पाळलेला जो नियम, तो आमच्या घरात एकीनं मोडला होता, आणि तोही मुलीचं भलं व्हावं म्हणून.

ताईचा उजवा डोळा पूर्ण बरा झाला. डाव्यात फूल पडलं ते कायमचं. ती त्या वर्षी छात्रालयात गेली नाही, पुढच्या वर्षी गेली. शिक्षिका झाली, साक्रीकडच्या एका गावात जन्मभर मुलं शिकवली, आणि वह्या तपासताना मान थोडी डावीकडे वळवून बसायची तिची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली. नानांनी डोंगराचा मक्ता आणखी काही वर्षं घेतला. फळं घरात येत, माय ती निवडी, रचे, खाई मात्र नाही.

पण मला सांगायचं आहे ते पट्टी सुटली त्या सकाळचं. डॉक्टरांनी पट्टी काढून दोन्ही डोळे तपासले, मग नानांना बाहेर बोलावून नेलं. ते काय सांगत असतील हे मायनं ओळखलं असावं. ती उठून ताईसमोर खाटेवर बसली. ताई डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहत होती. तिचेही केस दवाखान्यात कापले होते. मी मायच्या शेजारी उभी होते.

मायनं दोन बोटं वर केली. "किती?"

"दोन," ताई म्हणाली.

मग मायनं डावा तळहात ताईच्या उजव्या डोळ्यावर ठेवला, नीट झाकला, आणि उजव्या हाताचं एकच बोट वर केलं. "आते?"

तिचा उघडा डोळा मायच्या हातावर नव्हता, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी खिडकीकडे लागला होता. खोलीत कुणाचं तरी कण्हणं चालू होतं. मग ती ठामपणे म्हणाली, "तीन."

मायनं आपल्या हाताकडे पाहिलं. क्षणभर ते एक बोट तसंच राहिलं. मग मिटलेली दुसरी दोन बोटं तिनं हळूहळू उघडली.

"हां," ती म्हणाली. "तीनच शेतस."